फोन उचलता आला नाही तर? व्हॉइसमेल आणि कॉल फॉरवर्डिंग निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कराडला मोबाईलचं दुकान चालवते. रिचार्ज, नवं सिम, पोर्टिंग, फुटलेली काच ही रोजची कामं. पण काउंटरला टेकून लोक सगळ्यात जास्त वेळ ज्यावर बोलतात ती तक्रार वेगळीच असते: "फोन येऊन गेला, मला कळलंच नाही." त्यावर मी जी उत्तरं देत असते तीच इथे लिहिली आहेत. व्हॉइसमेल म्हणजे तुम्ही उचलला नाही की यंत्र फोन घेतं आणि निरोप साठवून ठेवतं; कॉल फॉरवर्ड म्हणजे तुमचा फोन दुसऱ्या नंबरवर वळतो. आमच्याकडे कोड सांगताना फॉरवर्डला सगळे 'डायव्हर्ट' म्हणतात, तेव्हा दोन्ही शब्द एकच समजा.

व्हॉइसमेल घ्यावा की कॉल फॉरवर्ड लावावा?

आधी मला सांगा, तुम्हाला फोन कोण करतं? निवड तुमच्या फोनवरून होत नाही, फोन करणाऱ्यावरून होते.

आमच्या भागातले एक जनावरांचे डॉक्टर दुकानात आले होते. दिवसभर वाड्या-वस्त्यांवर फिरतात. गाय अडली की रात्री दोनलाही फोन येतो. ते म्हणाले, "व्हॉइसमेल लावून द्या, म्हणजे लोक निरोप ठेवतील." मी लावून दिला नाही. गोठ्यात बॅटरी धरून उभा असलेला माणूस 'बीप'नंतर यंत्राशी बोलत बसत नाही, तो फोन ठेवतो आणि दुसरा डॉक्टर शोधतो. आम्ही डायव्हर्ट लावला. डॉक्टरांनी वीस सेकंदांत उचलला नाही तर फोन वहिनींकडे, घाटात रेंज गेली तर कंपाउंडरकडे. आता वहिनी विचारून घेतात: कळा कधीपासून येतायत, पाय दिसतायत का, गाव कुठलं. डॉक्टर हात धुऊन बाहेर येतात तोवर पुढचा पत्ता तयार असतो.

उलट एक शिकवणी घेणाऱ्या बाई आहेत. त्यांचे पालक नोकरदार, व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवायची सवय असलेले. त्यांना शिकवताना मध्ये कुणी नको होतं. तिथे व्हॉइसमेल छान चालला. म्हणून माझं मत असं: घाईचं, पैशाचं, आजारपणाचं काम असेल तर पलीकडे माणूसच हवा. काम थांबू शकत असेल तर यंत्र चालेल.

आपल्याकडे व्हॉइसमेल रुजला का नाही?

याचं उत्तर पैशात आहे. भारतात मोबाईल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली, तेव्हा गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. मे २००३ पासून 'फोन करणाऱ्याने पैसे द्यायचे' ही पद्धत आली आणि इनकमिंग फुकट झालं. पण तोवर एक सवय अंगात मुरली होती: उचलला की पैसे, कापला की फुकट. व्हॉइसमेल लागला की नेटवर्कच्या दृष्टीने तो फोन 'उचलला' जातो. म्हणजे निरोप ठेवणाऱ्याच्या खिशातून पैसे. त्यापेक्षा मिस कॉल मारणं परवडायचं. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन रिंगा म्हणजे खाली ये. घराघरात अशा खुणा ठरलेल्या होत्या. या मिस कॉलवर धंदा उभा करणारी बंगळुरूची झिपडायल ही कंपनी २०१५ च्या जानेवारीत ट्विटरने विकत घेतली, इतकी ही सवय खोल होती.

आता कॉल अमर्याद आहेत, पैशाचं कारण उरलं नाही. पण सवय उरली. वयस्कर माणसं यंत्राचा आवाज ऐकला की आजही फोन ठेवतात.

कॉल फॉरवर्डचे प्रकार किती? मला कुठला लागेल?

चार. यांतला फरक कळला की अर्धं काम झालं, म्हणून जरा सावकाश वाचा.

पहिला, सगळे कॉल सरसकट. तुमचा फोन वाजतच नाही, थेट दुसऱ्याकडे जातो. कोड **२१*नंबर# (नंबर म्हणजे ज्याच्याकडे फोन वळवायचा त्याचा). हा प्रकार मी सहसा लावून देत नाही. लोक लावतात आणि विसरतात. मग चार दिवसांनी फोन घेऊन येतात, "स्पीकर गेलाय, रिंगच होत नाही."

दुसरा, उचलला नाही तर. कोड **६१*नंबर#. घरच्या-दारच्या कामासाठी हाच सगळ्यात उपयोगी.

तिसरा, फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तर. कोड **६२*नंबर#. पाटण तालुक्यात कोयनेच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांना पावसाळ्यात हाच लागतो. वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते, आणि आख्खं खोरं 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' जातं.

चौथा, तुम्ही दुसऱ्या फोनवर बोलत असाल किंवा आलेला फोन कापलात तर. कोड **६७*नंबर#. कॉल वेटिंग चालू असेल तर बोलताना आलेला फोन आधी तुम्हालाच वाजतो, हे लक्षात ठेवा.

शेवटचे तिन्ही एकदम लावायचे असतील तर **००४*नंबर#. काय लागलंय ते बघायला सुरुवातीच्या दोन चांदण्यांऐवजी *#, म्हणजे *#६१# असं. सगळं पुसून टाकायला ##००२#. जिओची पद्धत वेगळी आहे. तिथे सरसकट डायव्हर्ट काढायला *४०२ आणि बाकीचे सगळे काढायला *४१३.

नंबर लिहिताना पुढे +९१ लावा. तुम्ही देशाबाहेर असलात तरी मग तो चुकत नाही.

किती सेकंदांनी फॉरवर्ड व्हावा, हे ठरवता येतं का?

येतं, आणि ते ठरवलंच पाहिजे. 'उचलला नाही तर' या प्रकारात वेळ पाचच्या पटीत, पाच ते तीस सेकंदांपर्यंत देता येतो: **६१*नंबर*११*२०#. इथला ११ म्हणजे फक्त आवाजी कॉल, आणि २० म्हणजे वीस सेकंद.

तीस कधीही ठेवू नका. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाने, नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलं की मोबाईलवर उत्तर न मिळालेला फोन तीस सेकंद वाजेल, लँडलाइनवर साठ. तुम्हीही तीसच ठेवलेत तर डायव्हर्ट व्हायच्या क्षणी फोन तुटायची शक्यता असते. पंधरा ठेवलेत तर पदराला हात पुसून फोनपर्यंत पोहोचेपर्यंत तो निघून जातो. माझ्या अनुभवात वीस हा आकडा बरोबर बसतो. ज्यांना उठायला वेळ लागतो त्यांच्यासाठी पंचवीस.

हे कोड सरकारने बंद केले ना?

दूरसंचार विभागाने कंपन्यांना आदेश दिला होता की यूएसएसडीवरून, म्हणजे कोड दाबून होणारी कॉल फॉरवर्डिंगची सेवा १५ एप्रिल २०२४ पासून पुढच्या सूचनेपर्यंत थांबवा. कारण फसवणूक. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. त्यामुळे एखाद्या सिमवर कोड चालला नाही तर फोन बिघडला असं समजू नका. फोनच्या सेटिंगमधून लावून बघा, कंपनीच्या ॲपमध्ये बघा, नाहीतर कस्टमर केअरला फोन करून लावून मागा. कस्टमर केअरशी बोलताना 'डायव्हर्ट लावा' एवढंच म्हणू नका. चार प्रकारांपैकी कुठला, किती सेकंदांनी, कुठल्या नंबरवर हे नेमकं सांगा. नाहीतर ते सरसकट लावून मोकळे होतात.

फोनमध्ये हे सेटिंग सापडत नाही.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये डायलर उघडा, वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, कॉलिंग अकाउंट्स, तुमचं सिम, मग कॉल फॉरवर्डिंग. सॅमसंगमध्ये ते 'सप्लिमेंटरी सर्व्हिसेस'च्या आत असतं. ते पान उघडताना फोन नेटवर्कला विचारतो, त्यामुळे चक्र फिरत राहतं. घाई करून मागे येऊ नका.

आयफोनमध्ये फोनच्या सेटिंगमध्ये जे कॉल फॉरवर्डिंगचं बटण आहे, ते फक्त सरसकट प्रकारचं आहे. 'उचलला नाही तर' हा पर्याय तिथे दिसतच नाही. आयफोनवाल्यांना त्यासाठी कोड किंवा कस्टमर केअर हाच रस्ता. महागडा फोन घेऊन येणाऱ्यांना हे सांगितलं की पटत नाही, पण तसंच आहे.

फॉरवर्ड झालेल्या कॉलचे पैसे कोणाला?

दोन तुकडे समजा. फोन करणारा ते तुम्ही, हा तुकडा त्याच्या खात्यात. तुम्ही ते दुसरा नंबर, हा तुमच्या खात्यात, जणू तुम्हीच तो फोन लावलात. अमर्याद पॅक असला तरी फॉरवर्ड त्यात धरला जातो का हे कंपनीला एकदा विचारून घ्या, कारण पॅकनुसार फरक पडतो.

ज्याच्याकडे डायव्हर्ट करताय त्याला आधी सांगा, हे वेगळं सांगायला नको. त्याच्या स्क्रीनवर मूळ फोन करणाऱ्याचाच नंबर दिसतो. बऱ्याचदा त्याला कळतही नाही की हा फोन तुमच्यासाठी होता, अनोळखी नंबर म्हणून तो कापतो. आणि दोघांनी एकमेकांवर डायव्हर्ट लावू नका. नवरा-बायकोचे असे फोन मी स्वतः सोडवलेत.

ओटीपीचे मेसेज पण फॉरवर्ड होतात का?

नाही. एसएमएस तुमच्याच सिमवर येतो. पण ओटीपी फोन करून सांगितला जात असेल, म्हणजे पलीकडून आवाज सहा आकडे वाचून दाखवतो तसा, तर तो कॉल असतो आणि डायव्हर्ट लागलेला असेल तिकडे जातो. सगळ्या फसवणुकीची किल्ली इथेच आहे.

कुणीतरी कोड दाबायला सांगितला. दाबू का?

नाही. कुणीही सांगितलं तरी नाही.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी दुकानात आल्या. पिशवीत भाजी, हातात फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. "दोन दिवस झाले, एक फोन नाही आला बघ. पोरगी म्हणते लावतेय, लावतेय." मी फोन हातात घेतला. वरच्या पट्टीत घड्याळाच्या बाजूला एक बारीक खूण होती: फोनचं चित्र आणि त्यातून बाहेर जाणारा बाण. मी *#२१# दाबलं. पडद्यावर एक दहा आकडी नंबर आला. "हा कुणाचा?" मावशींना माहीत नव्हता.

मग गोष्ट बाहेर आली. कुरिअरवाला म्हणून फोन आला होता. पार्सल आलंय, पत्ता सापडत नाही, आमच्या पोराचा नंबर लागत नाहीये, मी सांगतो तसं दाबा म्हणजे त्याच्याशी बोलता येईल. मावशींनी चांदणी दाबली, चार शून्य एक दाबलं, परत चांदणी आणि पुढे दहा आकडे. त्या क्षणापासून त्यांचे सगळे फोन त्या माणसाकडे. त्याने लगेच स्वतःच्या फोनवर मावशींच्या नंबरने व्हॉट्सॲप चालू केलं, 'फोन करून कोड सांगा' हा पर्याय निवडला, आणि कोड सांगणारा फोन मावशींकडे न येता त्याच्याकडे गेला. पुढच्या तासात त्यांच्या भावाला, भाचीला, बचत गटातल्या बायकांना मेसेज गेले: "जरा अडचण आहे, दहा हजार पाठव." भाचीने पाठवले.

मी डायव्हर्ट काढला. व्हॉट्सॲप परत मावशींच्या फोनवर नोंदवायला घेतलं. त्या चोराने आत दोन टप्प्यांची पिन लावून ठेवलेली होती, त्यामुळे सात दिवस थांबावं लागलं. कोड टाकल्याबरोबर तो मात्र बाहेर फेकला गेला, एवढं बरं. मावशी तिथल्या स्टुलावर बसून राहिल्या. पैशापेक्षा त्यांना लागलं होतं ते भाचीला काय सांगू हे.

म्हणून आज रात्री जेवण झालं की तीन गोष्टी करा. घरातल्या प्रत्येक फोनवर फॉरवर्डिंगचं सेटिंग उघडून बघा. अनोळखी नंबर दिसला तर काढून टाका. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवायची आशा जास्त. पैसे गेले नाहीत, पण असा फोन आला, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावरच्या 'चक्षू'मध्ये तो नंबर कळवा.

व्हॉइसमेलचं ॲप कुठलं घ्यावं?

ज्या ॲपमध्ये तुमच्या फोन करणाऱ्यांना मराठीत काही ऐकू येईल, ते. बाकी सोयी नंतर.

ट्रूकॉलरने २०२३ मध्ये भारतात पैसे घेऊन 'असिस्टंट' आणला होता, जो तुमच्या वतीने फोन घेतो आणि कोण, कशासाठी हे विचारतो. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये अँड्रॉइडवर फुकट व्हॉइसमेल आला, मराठीसह अनेक भारतीय भाषांतला निरोप लिहून दाखवणारा. निरोप तुमच्याच फोनमध्ये राहतो. आमच्याकडच्या बोलीतलं 'लिहिलेलं' वाचताना मात्र जपून. यंत्राने ऐकलेलं गावाचं नाव आणि रकमेचा आकडा कधीही डोळे झाकून खरा धरू नका, मूळ आवाज ऐका.

गुगल व्हॉइस बघू नका. घरगुती वापरासाठी तो अमेरिकेतल्या नंबरांवरच चालतो. आयफोनमधल्या व्हॉइसमेलच्या खणाचंही तसंच. तो २००७ च्या पहिल्या आयफोनपासून आहे, पण त्यामागे मोबाईल कंपनीची साथ लागते आणि ती आपल्याकडे सहसा नसते. लोक तो खण उघडून विचारतात, "हे रिकामं का?"

आता एक गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. व्हॉइसमेल किंवा असिस्टंटवाली बरीच ॲप आतून कॉल फॉरवर्डच वापरतात. म्हणजे तुमचा न उचललेला फोन त्या कंपनीच्या नंबरवर वळवला जातो. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ॲप चालू केलंत की आधी लावलेला डायव्हर्ट पुसला जातो. दुसरी, ॲप काढून टाकलंत तरी डायव्हर्ट तसाच राहतो, कारण तो तुमच्या फोनमध्ये नसतो, मोबाईल कंपनीच्या यंत्रणेत असतो. फोन बदलला, सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं, तरी तो सोबत येतो. म्हणून ॲप काढायच्या आधी त्यातली सेवा बंद करा, मग ॲप काढा, मग फॉरवर्डिंगचं पान उघडून रिकामं आहे ना ते बघा.

ॲप तुमचे सगळे कॉन्टॅक्ट मागत असेल तर क्षणभर थांबा. त्या यादीत तुमचे एकट्याचे नंबर नाहीत, शेजारच्या काकूंचाही आहे.

व्हॉइसमेलवर माझ्या आवाजात काय बोलू?

स्वतःच्या आवाजात, मराठीत, आठ-दहा सेकंद. पहिल्या शब्दातच तुम्ही आहात हे कळू द्या, नाहीतर ऐकणाऱ्याला कंपनीची रेकॉर्ड लागल्यासारखं वाटतं आणि तो ठेवून देतो. आमच्याकडच्या एका गूळ व्यापाऱ्याचं आम्ही दुकानातच रेकॉर्ड केलं. पहिल्यांदा ते शाळेतल्या भाषणासारखं बोलले, "सर्वांना माझा सप्रेम नमस्कार." चार वेळा पुसलं. शेवटी मी म्हटलं, दादा, समोर मी गिऱ्हाईक आहे असं समजून बोला. ते म्हणाले: "नमस्कार, मी सौद्यावर आहे. नाव, गाव आणि काय पाहिजे ते सांगा, दुपारी तीनच्या आत फोन करतो." तेच ठेवलं. वेळ सांगितल्यामुळे लोक थांबतात, आणि काय सांगायचं हे कळल्यामुळे बोलतात.

सांगितलेली वेळ पाळा. दोनदा चुकलात की कुणी निरोप ठेवणार नाही.

ज्यांना एवढंही नको, त्यांच्यासाठी फोन कापताना जाणारा मेसेज आहेच. डायलरच्या सेटिंगमध्ये 'क्विक रिस्पॉन्सेस' मराठीत लिहून ठेवता येतात: "गाडीवर आहे, पंधरा मिनिटांत करतो."

दुकानाला किंवा दवाखान्याला एकच नंबर आणि उचलणारे चौघे, असं करता येईल का?

येईल, पण ते मोबाईलच्या डायव्हर्टने करू नका. त्यासाठी क्लाउड टेलिफोनी घ्या. एक्झोटेल, नॉलॅरिटी, मायऑपरेटर अशा कंपन्या एक नंबर देतात. त्यावर फोन आला की मराठीत स्वागत, "अपॉइंटमेंटसाठी एक दाबा", आणि मग एकदम चौघांचे फोन वाजतील किंवा एकामागून एक, जसं सांगाल तसं. कुणीच उचलला नाही तर निरोप रेकॉर्ड होतो आणि चुकलेल्या फोनांची यादी संध्याकाळी समोर येते. धंद्याची कागदपत्रं द्यावी लागतात.

घेताना तीन गोष्टी विचारा. मराठी आवाज आम्ही स्वतः रेकॉर्ड करून घालू शकतो का? सेवा बंद केली तर नंबर आमचा राहील का? आणि पॅकमधली मिनिटं येणाऱ्या आणि पुढे वळवलेल्या, दोन्ही तुकड्यांना मोजली जातात का? दुसऱ्या प्रश्नावर सगळं अडतं. बोर्डावर, पिशवीवर, पावतीवर छापलेला नंबर उद्या हातातून गेला तर गिऱ्हाईक गेलं. आणि 'एक दाबा, दोन दाबा' एकाच पातळीवर ठेवा, तीन-चार पर्याय पुरेत. तापलेलं पोर मांडीवर घेऊन फोन लावणाऱ्या आईला नऊ पर्याय ऐकवू नका.

चार दिवसांत दहा-पंधरा फोन येणाऱ्या छोट्या दुकानाला हे काही लागत नाही. ६१ पुरतो.

घरात रेंज येत नाही. फॉरवर्ड लावू?

आधी वाय-फाय कॉलिंग चालू करून बघा. घरी ब्रॉडबँड असेल तर फोन टॉवरऐवजी वाय-फायवरून वाजतो, तोच नंबर, वेगळं ॲप नाही. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय आणली. दगडी वाड्यात किंवा स्लॅबच्या आतल्या खोलीत रेंज मरते, तिथे याने प्रश्नच मिटतो. निम्म्या लोकांना डायव्हर्ट लागतच नाही, हे एक बटण लागतं.

एकाच फोनमध्ये दोन सिम आहेत. एकावर बोलताना दुसरं बंद लागतं.

बऱ्याच फोनमध्ये नेटवर्कशी जोडणारा रेडिओ एकच असतो, म्हणून तसं होतं. दोन्ही सिमवर 'रेंज नसेल तर' हा डायव्हर्ट एकमेकांवर लावा. पहिलं दुसऱ्यावर, दुसरं पहिल्यावर, म्हणजे दुसरा फोन वेटिंगवर दिसतो. वर मी एकमेकांवर लावू नका म्हटलं ते दोन वेगळ्या फोनांसाठी. इथे फोन एकच आहे. सॅमसंगमध्ये सिम मॅनेजरमध्ये 'ड्युअल सिम ऑलवेज ऑन' हे बटण नेमकं हेच करतं.

परदेशात जाताना काय करू?

निघायच्या आधी, इथे असतानाच, 'उचलला नाही तर' आणि 'व्यस्त असेल तर' हे दोन्ही डायव्हर्ट काढून टाका. कारण ऐका. तुम्ही दुबईत रोमिंगवर आहात, पुण्याहून फोन आला, तो आधी दुबईला जातो. तुम्ही उचलला नाहीत, मग तो दुबईहून परत भारतात फॉरवर्ड होतो. जाण्याचा तुकडा तुमच्या बिलात, येण्याचाही तुमच्याच. न उचललेल्या फोनचं दुहेरी बिल.

सरसकट डायव्हर्ट असेल तर फोन देशाबाहेर जातच नाही, इथूनच वळतो. म्हणून प्रवासात हा एकच प्रसंग आहे जिथे मी सरसकट लावायला सांगते, तोही घरातल्या पूर्ण विश्वासाच्या माणसाकडे आणि परत आल्यावर विमानतळावरच काढायच्या अटीवर.

मुलगी अमेरिकेत आहे. फोन लावला की इंग्रजीत बाई बोलते आणि पैसे कापले जातात.

तिकडे व्हॉइसमेल आपोआप लागलेला असतो. मुलीला सांगा, त्या इंग्रजी रेकॉर्डऐवजी स्वतःच्या आवाजात मराठीत चार शब्द ठेव: "आई, मी कामात आहे, रात्री करते." तुम्हाला कळेल की नंबर बरोबर लागलाय, आणि तिचा आवाजही ऐकू येईल. तोवर रोजच्यासाठी व्हॉट्सॲप कॉलच बरा.

व्हॉइसमेलला पिन लागते का?

बाहेरून नंबर लावून ऐकायची सोय असेल तर लावाच, आणि कंपनीने दिलेली १२३४ छाप पिन पहिल्या दिवशी बदला. ब्रिटनमधलं 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे दीडशेहून जास्त वर्षांचं साप्ताहिक जुलै २०११ मध्ये बंद पडलं, ते त्याच्यासाठी काम करणाऱ्यांनी लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकले म्हणून. त्यांना फार मोठी तांत्रिक करामत लागली नव्हती. बऱ्याच लोकांनी पिन बदललेल्याच नव्हत्या.

जुना नंबर फॉरवर्ड करून सिम ठेवून दिलं तर चालेल?

सिम कपाटात ठेवा, पण रिचार्ज जिवंत ठेवा. वैधता संपली, इनकमिंग थांबलं, की फॉरवर्डही थांबतो. पुढे नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि तुमच्या बँकेचे फोन त्या अनोळखी माणसाला जायला लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला सांगितलं आणि अशा पॅकची वैधता वर्षभरापर्यंत वाढवायची मुभा दिली. जुन्या नंबरासाठी तेच मागा. दुकानदार आपणहून दाखवतोच असं नाही.

लावून झालं. बरोबर लागलंय हे कसं बघायचं?

तिसऱ्या माणसाच्या फोनवरून बघा, ज्याच्याकडे डायव्हर्ट लावलाय त्याच्या नव्हे. एकदा फोन लावून वाजू द्या आणि उचलू नका. घड्याळ लावून बघा, वीस सेकंदांनी पलीकडचा वाजतो का. मग तुमचा फोन विमान मोडवर टाकून परत लावा. मग कुणाशी तरी बोलत असताना लावा. व्हॉइसमेल असेल तर स्वतःच निरोप ठेवा आणि तो कुठे, किती वेळाने दिसतो ते बघा. आई-वडिलांचा फोन असेल तर त्यांच्याच हातात द्या आणि वरच्या पट्टीतली ती बाणाची खूण बोटाने दाखवा: ही आपण लावलेली नसताना दिसली, तर आधी मला फोन करायचा, शेजाऱ्यांच्या फोनवरून.